पांढरीच्या लोकांचा चौथा नियम

विशाखा,

तुझ्या जलदानविधीच्या कार्डावर तुझं शिक्षण छापलंय, नोकरी छापलीय, आईवडलांची नावं छापलीत. फोटो मात्र भलताच निवडलाय, कुठल्यातरी ओळखपत्रावरचा, ज्यात तू कुणावर तरी खेकसायच्या बेतात आहेस. तू असतीस तर कार्ड फाडलं असतंस. बाकी जे छापलंय ते सगळं खरं आहे, म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही. पण एक गोष्ट त्यात नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी, बोरीच्या शाळेत नववीत असताना, तू एक अख्खी संस्कृती उभी केली होतीस. आणि तिच्यात मी एक खोटं पुरलं होतं. ते पुरलेलं तू असेपर्यंत कुणी उकरून काढलं नाही. तू गेलीस, तेव्हा आता मलाच काढावं लागेल.

आठवतं ना, कसं सुरू झालं ते? कुकडीच्या काठाला हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा ज्वालामुखीची पांढरी राख सापडते आणि ती बघायला पुण्याची माणसं येतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत होतं. डोक्याला टोपी, हातात ब्रश, दिवसभर उन्हात बसून दगड घासायचे. आपले लोक बांधावर उभे राहून म्हणायचे, "राव, शिकून सवरून ह्येच करायचं व्हतं तर मग शिकला कशाला?" इतिहासाच्या बाई नवीन होत्या, हौशी होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी वर्गाचे दोन गट केले आणि सांगितलं की प्रत्येक गटाने मनाने एक प्राचीन संस्कृती बनवायची. त्यांनी काय खाल्लं, कुठला देव पुजला, कसे नियम केले, ते सगळं वहीत लिहायचं. मग त्या लोकांच्या वापरातल्या वस्तू तयार करायच्या, फोडायच्या, आणि शाळेमागच्या खड्ड्यात पुरायच्या. संक्रांतीनंतर एका गटाने दुसऱ्याचा खड्डा उकरायचा आणि नुसत्या तुकड्यांवरून सांगायचं की ही माणसं कशी होती.

मला सुवर्णनगरी हवी होती. हत्ती, राजवाडा, राणीचं नाव माझंच, मनीषादेवी. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी राणीचा राजीनामा तिथंच दिला.

"पांढरी," तू म्हणालीस. "राखंतली मानसं. त्यांचं नाव पांढरीचे लोक."

"आणि राजा?"

"राजा कशाला? ग्रामपंचायत बास हाय."

बाई म्हणाल्या, संस्कृती म्हटली की देव हवा. तू उभी राहिलीस आणि सरळ म्हणालीस, "बाई, आमच्या घरी देव नाय. आमचं चालतंय की." वर्ग हसला, बाईही हसल्या. मी घाबरले, कारण आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय म्हैसही विकत नव्हते. शेवटी मी रडकुंडीला आले म्हणून तू तडजोड केलीस. पांढरीच्या लोकांना देव होता, पण तो फार पूर्वी रजेवर गेला होता आणि त्याचं काम लोकांनी आपसात वाटून घेतलं होतं. हे वहीत अजून आहे, तुझ्या त्या तिरप्या अक्षरात.

नियम तूच लिहिलेस. पहिला, नदी कुणाच्याही नावावर करता येणार नाही. दुसरा, ज्याने भांडण उकरलं त्याने आठ दिवस दोन्ही घरची भांडी घासायची. तिसरा मी लिहिला होता, की सणाला सगळ्यांना पुरणपोळी मिळेल. तू त्यापुढे कंसात लिहिलंस, 'सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.' तेव्हा मला वाटलं, काय ही पोरगी, एकच गोष्ट दोनदा लिहिते.

चौथा नियम मात्र तुझा खास. ज्याच्याकडून चूक झाली, त्याने पाण्याने भरलेला तांब्या दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा. वर एक पान झाकायचं. बोलायचं काही नाही, कारण बोलायला लागलं की माणूस सबबी सांगत बसतो. दुसऱ्याने पाणी पिऊन तांब्या पालथा घातला की मिटलं. नाही प्यायलं, तर उद्या नवीन पाणी घेऊन परत यायचं. मी विचारलं, हे तुला सुचलं कुठून. तू म्हणालीस, "आमचे दादा म्हनत्यात, पाणी दिल्याशिवाय मानसाशी बोलू नये. मी म्हनलं, मग पाणीच बोलू दे की."

तुझे दादा. म्हणजे तुझे वडील. आख्ख्या गावाला बबन गवंडी. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तू असतीस तर म्हणाली असतीस, लिही, जिभेला काय झालंय. आमच्या घरात त्यांना सगळेच बबन म्हणायचे. माझे आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, आणि मीसुद्धा, वयाच्या पाचव्या वर्षापासून, "ओ बबन, आईनं बोलावलंय." त्यांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. ते मला ताई म्हणायचे.

आमचा गोठा त्यांनी बांधला होता. भिंतीत एक सुबक कोनाडा काढला होता, कंदिलासाठी. वीज आली, कंदील गेला, आणि त्या कोनाड्यात एक कप आला. पांढरा, चिनी मातीचा, हिरव्या वेलीचा, कान तुटलेला. तू त्याला चांगली ओळखतेस. दादा कामावर आले की तो कप स्वतः काढायचे, नळाखाली विसळायचे आणि पुढे धरायचे. आई वरून चहा ओतायची. पिऊन झालं की ते कप धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. इतकं गुपचूप चालायचं की लहानपणी मला वाटायचं, दादांना तोच कप आवडतो.

आणि तुला? तुला आमच्या घरात फुलांच्या कपात चहा मिळायचा, बशीसकट. तू शाळेची मैत्रीण, पहिला नंबर काढणारी, आई तुझं कौतुक करायची. एकाच घरात बापाला एक कप आणि लेकीला दुसरा, यात आईला काही विचित्र वाटत नव्हतं. खरं सांगते, मलाही नाही.

त्या वर्षी दादा आमच्याकडे न्हाणीघराचं काम करत होते. तू एक दिवस दुपारी त्यांची भाकरी घेऊन आलीस. तेव्हाच चहा झाला होता. ते गोठ्यापाशी उकिडवे बसून त्या कपातून पीत होते. तू अंगणाच्या मधोमध थांबलीस. मी ओसरीवर होते. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग कोनाड्याकडे, मग माझ्याकडे. मी पटकन म्हणाले, "ये ना, गणिताचं बघू." तू भाकरी ठेवलीस आणि म्हणालीस, "आज नको." बस्स, एवढंच झालं. पण त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे.

आता नीट ऐक.

पुरायला वस्तू हव्या होत्या. बाई म्हणाल्या होत्या, घरातलं मोडकंतोडकं आणा, आईला विचारून आणा. आईने मला एक फुटकी पणती दिली आणि वर म्हणाली, "शाळंत काय शिकवत्यात का नुसता कचरा गोळा करत्यात?" मग मी गोठ्यात गेले. कोनाड्यातला कप उचलला, दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडाने फोडला. पाच तुकडे झाले. वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत नेले.

का केलं? तू हे मला कधी विचारलं नाहीस. मी मात्र इतकी वर्षं स्वतःला दोन उत्तरं देत आलेय. एक उत्तर असं, की तो कप गेला म्हणजे ती रीतच जाईल असं मला वाटलं. आईशी भांडायची छाती नव्हती, दगडाशी होती. दुसरं उत्तर असं, की मला एक वस्तू कमी पडत होती आणि घरात त्या एका कपाची कुणाला किंमत नव्हती. दोन्ही खरी आहेत. पहिलं जरा जास्त खरं असावं असं मला वाटतं, पण ते वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आपल्या गटाच्या वस्तू पुरल्या तेव्हा तू मातीच्या पाटीवर पांढरीची लिपी कोरत बसली होतीस. पुडकी कुणी उघडून बघितली नाहीत. खड्ड्यात एरंडाच्या बियांची माळ गेली, साबणात कोरलेला शिक्का गेला, बोकडाचं हाड गेलं, फुटक्या बोळक्यांच्या आणि वाट्यांच्या जोड्या गेल्या, आईची पणती गेली, आणि तो कपही गेला.

उकरायच्या दिवशी काय थाट होता! दुसऱ्या गटाचा पुढारी सुनील, जुना दात घासायचा ब्रश घेऊन गुडघ्यावर बसलेला, पुण्याच्या साहेबासारखी मान वाकडी करून. एकेक तुकडा निघत होता. कपाचे पाचही तुकडे त्याने गोणपाटावर मांडले, जुळवले. आणि तू पुढे वाकलीस. मी तुझ्या मागे उभी होते. तुझी मान मला दिसत होती, ती एकदम ताठ झाली.

सुनील हुशारच. म्हणाला, "बाई, ह्यो कप बघा. कान तुटल्याली जागा घासून गुळगुळीत झालीया. म्हंजे कान तुटल्यावर पन लई वर्सं वापरलाय. बाकी भांडी दोन-दोन हायेत, ह्यो एकलाच. म्हंजे ह्यो कुना एकाच मानसाचा व्हता. दुसऱ्या कुनी त्याला हात लावायचा न्हाई. मोडला तरी टाकला न्हाई. म्हंजे ह्यो राजाचा नायतर पुजाऱ्याचा कप."

बाई खूश झाल्या. "शाब्बास! किती बारकाईनं पाहिलंस. विशाखा, तुमच्या गटाने सांगा, निष्कर्ष बरोबर आहे का?"

वर्गात चुळबुळ चालली होती. तू हळू उभी राहिलीस. तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"बरोबर हाय, बाई. एकाच मानसाचा कप व्हता. दुसरं कुनी हात लावत नव्हतं. पन तो राजा नव्हता. त्यानं त्यांचं घर बांधलं व्हतं."

सुनील म्हणाला, "मंग त्याचा कप येगळा कशापायी?"

"ते तू सांग. खोदलं तू."

बाईंचा चेहरा पडला, त्यांना कळलं असावं. बाकीच्यांना कळलं की नाही, देव जाणे, आणि पांढरीचा देव तर रजेवर. तास संपल्याची घंटा झाली आणि पोरं पळाली. तू गोणपाटावरचे पाच तुकडे उचललेस, ओढणीच्या टोकात बांधलेस आणि माझ्याकडे न बघता घरी गेलीस.

तीन दिवस तू बोलली नाहीस. चौथ्या दिवशी नदीकडच्या वाटेवर मला गाठलंस.

"मने, तुला म्हाईत व्हतं का, त्यो कप कुनाचा?"

मी म्हणाले, "न्हाई गं. मला वाटलं गोठ्यातला मोडका कप हाय."

तू विचारलंस, "आता दादा कशात पित्यात?"

आता हे सांगायला हवं की कप गेल्याचं आईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी मांजराचं नाव सांगितलं. आणि आठ दिवसांच्या आत कोनाड्यात एक स्टीलचा पेला आला होता, पालथा. मी तो रोज बघत होते. तुझ्या तोंडाकडे बघत मी म्हणाले, "आता घरातल्याच कपात देती आई. फुलांच्या. त्यो गेला त्ये बरंच झालं."

"खरं?"

"आईशप्पथ."

तुझा चेहरा असा उजळला, विशाखा, की मला तिथंच मरावंसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यावर पितळी तांब्या होता. काठोकाठ पाणी, वर जांभळीचं पान. माझ्यावर उगाच संशय घेतला म्हणून तू माफी मागत होतीस. तू! माझी! आई झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यो कुनाचा तांब्या गं?" मी म्हणाले, "शाळेचा." आणि उभ्याउभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं, तांब्या पालथा घातला. वर मनात असंही वाटलं बरं का, की बघा, मी कशी तुझ्या घरचं पाणी पिते! केवढा तो तोरा. माझी चूक, माफी तुझी, आणि पाणी पिऊन उपकार करणारी मी.

त्यानंतर आपण कधी तुटलो नाही. लोकांना आपल्या मैत्रीचं नवल वाटायचं. मी नारायणगावला सासरी गेले, तू मंचरला खोली घेऊन राहिलीस, आंबेगाव तालुक्यात ग्रामसेविका झालीस, तुझ्या त्या खडखडणाऱ्या स्कूटीवर गावं पालथी घालत फिरलीस. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायचीस, "आधी ह्या गावाची पाइपलाइन व्हऊ द्या." मोबाइल आले तसे तुझे फोन सुरू झाले, नेमके माझी पोळी तव्यावर असताना. "मने, आज नळावरून दोन भावकीत डोकी फुटायची वेळ आली. दोन तास गेले माझे. तांब्या ठेवला असता तर पाच मिन्टात मिटलं असतं." मी हसायचे. तुझ्यासाठी पांढरीचे लोक कधी संपलेच नव्हते.

आणि आपलं ते जुनं भांडण. प्रकल्पाच्या शेवटी संस्कृती कशी लयाला गेली ते लिहायचं होतं. मी लिहिलं, आकाशातून राख पडली आणि सगळे गाडले गेले. तू ते खोडलंस. तुझं म्हणणं, राख नंतर पडली. त्याच्या आधीच ते संपले होते, कारण एक दिवस कुणीतरी चूक केली आणि तांब्या ठेवला नाही. मग दुसऱ्यानेही ठेवला नाही. मी म्हणायचे, असं कुठं असतं, तांब्यावाचून कोणी मरतं का? आपण हे भांडण दहा-बारा वर्षं खेळलो. राखीपौर्णिमेला, एसटी स्टँडवर, फोनवर. तू दर वेळी तेच म्हणायचीस आणि माझ्याकडे बघून थांबायचीस. मला वाटायचं तू हट्टी आहेस.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते आणि हाताला सुई होती. मी त्या दिवशी सांगायचंच ठरवून आले होते. येताना एसटीत दोनदा मनात म्हणूनही बघितलं. तू मात्र मला बघितल्या बघितल्या म्हणालीस, "सांग, कशानं संपले?"

"राखेनं."

"येडी," तू म्हणालीस. "राख नंतर पडली."

मी हसले. तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. मी म्हणाले, "उद्या सांगते, एक गोष्ट आहे." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी मी आले नाही, पोराची परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी तू गेल्याचा फोन आला.

काल तुझा जलदानविधी झाला. मी आदल्या दिवशीच बोरीला माहेरी आले. गोठा आता रिकामाच असतो, जनावरं विकली. कोनाड्यात तो पेला होता, गंजलेल्या खिळ्यांनी भरलेला. मी आईला विचारलं, "आई, ह्या पेल्याआधी इथं एक कप असायचा. आठवतो?"

"कुठला कप?"

"बबन... दादांचा."

आईने खूप आठवून बघितलं. तिला खरंच आठवेना. "असंल बाई," ती म्हणाली. "तवा सगळीकडंच तसं व्हतं." आणि शेंगा फोडायला लागली. मला तिचा राग आला, मग माझा आला. तिला निदान आठवत तरी नव्हतं.

विधी झाला, भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, लोक जेवून गेले. मांडवातल्या खुर्च्या गोळा करायला लागले. तुझी आई आत आडवी झाली होती. दादा उंबऱ्याला टेकून एकटेच बसले होते. त्यांनी स्वतः बांधलेलं घर, विशाखा, भिंतीला एक रेष वाकडी नाही. मी मागच्या नळावर गेले, तुमच्या मांडणीवरचा पितळी तांब्या भरला. तोच असावा, पोटाला पोचा असलेला. तुझ्या दारातल्या जांभळीचं पान तोडलं, वर झाकलं, आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर ठेवून समोर खाली बसले.

त्यांनी तांब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चौथा नियम."

मी चकित झाले. ते म्हणाले, "आमच्या घरात बी ह्येच चालायचं, ताई. तिची आन् तिच्या आईची वादावादी झाली की सकाळच्याला उंबऱ्यावर तांब्या. कुनासाठी ठिवलाय? तिच्यासाठी का माझ्यासाठी?"

बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण मी पांढरीची चांगली नागरिक कधीच नव्हते. मी सगळं सांगितलं. दगड, वर्तमानपत्र, नदीची वाट, आईशप्पथ. स्टीलचा पेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दादा म्हणून हाक मारली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "मला ठावं हाय की. त्या पेल्यात मीच पीत व्हतो."

ज्यांना मी पेल्याची बातमी देत होते, त्यांच्याच हातात तो रोज होता, हे मला तेव्हा कळलं.

"तुमी तिला नदीच्या वाटंवर सांगितलं, त्या दिसालाच सांजच्याला तिनं मला इचारलं," दादा म्हणाले. "दादा, आता तुमाला कशात देत्यात? म्या म्हनलो, घरातल्या कपात. फुलांचा हाय, कानाचा. लई खूश झाली. तवा लगोलग तांब्या घासायला बसली."

मी विचारलं, "का, दादा?"

"वर्गात तिला तू एकलीच व्हतीस, पोरी."

ते ताई म्हणाले नाहीत.

मी रडले. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, पुरे, नाक पूस. मी विचारलं, तिला नंतर कधी कळलं का? दादा म्हणाले, "काय म्हाईत. पुना कधी इचारलं न्हाई तिनं. पन तुमच्या अंगनात ती त्यानंतर पाय ठिवायची न्हाई, न्हवं का?"

आणि मला कडुलिंब आठवला. दहावीच्या वर्षात केव्हापासून तरी तू मला रस्त्याच्या वळणावरच्या कडुलिंबाखालून हाक मारायला लागलीस. "मनेऽऽ!" अंगणात यायची नाहीस. मी समजायचे, आमच्या कुत्र्याला घाबरते. आमचं ते कुत्रं म्हातारं होतं गं, त्याला एकही दात नव्हता. तू कशालाही घाबरत नव्हतीस. तू केव्हातरी लांबून कोनाड्यातला पेला बघितला असणार. आणि तरी तू मला सोडलं नाहीस. वर्षानुवर्षं 'कशानं संपले' विचारत राहिलीस, आणि दर वेळी माझ्याकडे बघून थांबलीस. तू वाट बघत होतीस. मी राख, राख करत बसले.

तुझंच खरं, विशाखा. राख नंतर पडली.

दादांनी पान बाजूला केलं. दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि वरून न ओतता, तोंड लावून, सावकाश पाणी प्यायले. मध्येच थांबले. तांब्यात वाकून बघितलं आणि तो परत उंबऱ्यावर ठेवला.

"ह्ये माझ्या वाटंचं," ते म्हणाले. "राहिल्यालं तिचं. त्ये मला प्येता यायचं न्हाई."

मग पान पुन्हा वर झाकलं आणि हात टेकून उठले, आत गेले.

आज सकाळी नारायणगावची एसटी धरायच्या आधी मी तुमच्या दारावरून गेले. तांब्या तिथंच होता. कुणी हलवला नव्हता. मी पान उचलून बघितलं. पाणी अर्ध्यावर होतं, आणि अर्धा भरलेला तांब्या पालथा घालता येत नाही.